मित्र नावाचा रकाना

कायद्याने बघायला गेलं तर भारतात कोणीही कोणाच्याही मृत्यूची नोंद शोधू शकतं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९, कलम १७. शोधणारा नातेवाईकच हवा, वारसच हवा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. कोणीही निबंधकाकडे जावं, ठरलेली फी भरावी, नोंदवहीत शोध घ्यायला सांगावं आणि उतारा मागावा. त्या उताऱ्यावर एकच गोष्ट द्यायची नाही असं कायद्याने बजावलं, ती म्हणजे मृत्यूचं कारण. माणूस गेला का, कधी गेला, कुठे गेला हे परक्यालाही विचारता येतं. कशाने गेला हे मात्र विचारता येत नाही.

ज्याने कोणी हे कलम लिहिलं त्याला माणसांची चांगली जाण असावी. पण तुमच्या-माझ्यापैकी ते वापरतं कोण? आपण रात्री साडेबाराला फोनवर एक नाव टाइप करतो. पुढे गावाचं नाव, त्यापुढे ‘निधन’. काही मिळालं नाही की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लावून बघतो. मग फेसबुकवर त्या माणसाची शेवटची पोस्ट कधीची ते बघतो. व्हॉट्सअॅपचा डीपी बघतो. मग फोन उलटा ठेवून झोपायचा प्रयत्न करतो. हे करणारे आपण एकटे नाही, पण याबद्दल कोणी बोलत नाही. ‘तो जिवंत आहे का हे मी गुगल केलं’ हे वाक्य चारचौघांत बोलायला विचित्र वाटतं.

या शोधाबद्दल लिहायचं म्हणून मी दोन मजकूर शेजारी ठेवून वाचले. एक कादंबरी आहे आणि दुसरा सरकारी फॉर्म.

आठ, चार, दोन, एक

कादंबरी आहे जुझे सारामागो या पोर्तुगीज लेखकाची, ‘ऑल द नेम्स’. मूळ पोर्तुगीज १९९७ सालचं. १९९८ला सारामागोंना नोबेल मिळालं आणि १९९९ला मार्गारेट जुल कॉस्टा यांचा इंग्रजी अनुवाद आला. मी तोच वाचला.

एका अनाम शहरात नागरी नोंदणीचं एक प्रचंड कार्यालय आहे. पुढच्या रांगेत आठ कारकून, त्यांच्यामागे चार वरिष्ठ कारकून, मग दोन उपनिबंधक आणि शेवटी एक निबंधक. माझ्यासारख्या माणसाला हे वाचताना हसू येतं, कारण हा सरळ बायनरी ट्री आहे. कार्यालयात शहरातल्या प्रत्येक माणसाचं कार्ड आहे. जिवंतांची कार्डं पुढच्या कपाटांत असतात आणि माणूस मेला की त्याचं कार्ड मागच्या अंधाऱ्या भागात जातं. मेलेले वाढतच जातात म्हणून मागची भिंत दर थोड्या वर्षांनी पाडून आणखी मागे बांधावी लागते. त्या अंधारात हरवून मरता मरता वाचलेल्या एका संशोधकाची गोष्टही तिथे सांगितली जाते. म्हणून आत जाणाऱ्याने पायाला दोरी बांधायची.

सेन्योर जुझे हा तिथला पन्नाशीचा एकटा कारकून. कार्यालयाला चिकटलेल्या खोलीत राहतो, आणि त्याच्या खोलीतून कार्यालयात उघडणारं एक दार आहे. छंद म्हणून तो शंभर प्रसिद्ध माणसांची माहिती जमवतो आणि रात्री गुपचूप आत जाऊन त्यांची कार्डं आणतो. एकदा पाच कार्डांना चिकटून सहावं येतं. छत्तीस वर्षांची एक सामान्य बाई, लग्न झालेली, घटस्फोट झालेली, कोणालाच माहीत नसलेली. सेन्योर जुझे तिचा शोध सुरू करतो. खोटं अधिकारपत्र बनवतो, तिच्या जुन्या पत्त्यावर जातो, तिच्या शाळेत रात्री खिडकी फोडून शिरतो. आणि एक दिवस त्याच्या लक्षात येतं की तिचं कार्ड जिवंतांच्या कपाटात राहिलेलं नाही. तो शोधत असतानाच ती गेली आहे.

कादंबरीतली बहुतेक समीक्षा-योग्य गोष्ट यानंतर घडते. रहस्यकथा असती तर इथे संपली असती, कारण प्रश्नाचं उत्तर मिळालं. सेन्योर जुझे मात्र थांबत नाही. दफनभूमीत जातो, आत्महत्या केलेल्यांच्या भागात तिची जागा शोधतो, तिच्या आईवडिलांना भेटतो, तिच्या रिकाम्या घरात जातो. ती आहे की नाही, हा त्याचा प्रश्न कधी नव्हताच. ते कळल्यावर त्याच्याकडे आधीपेक्षा जास्त प्रश्न उरतात. रेकॉर्डमधून मिळणारं उत्तर किती छोटं असतं हे सारामागोंनी ज्या शांतपणे दाखवलंय, तसं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

फॉर्म नंबर दोन

दुसरा मजकूर म्हणजे आपल्याकडचा मृत्यू अहवाल, फॉर्म नंबर दोन. हा वाचावा असं कोणाला वाटत नाही. भरायची वेळ येते तेव्हा आपण वाचण्याच्या स्थितीत नसतो. शांतपणे वाचला तर लक्षात येतं की त्याचे दोन भाग आहेत. पहिला कायदेशीर. मृत्यूची तारीख, मृताचं नाव, आईचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, लिंग, वय, पत्ता, मृत्यूचं ठिकाण, माहिती देणाऱ्याचं नाव. हा भाग नोंदवहीत राहतो आणि दाखल्यात उतरतो.

दुसरा भाग सांख्यिकीचा. तो वेगळा काढून आकडेवारीसाठी वर पाठवला जातो. त्यात धर्म, व्यवसाय, कोणते उपचार मिळाले, कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलं होतं का हे आहे. आणि शेवटी सवयी विचारल्या आहेत. मृत व्यक्ती धूम्रपान करत असेल तर किती वर्षं, तंबाखू खात असेल तर किती वर्षं, सुपारी किंवा पानमसाला किती वर्षं, दारू किती वर्षं.

हा भाग वाचून मी थांबलो. एखाद्या माणसाची ओळख सांगणारी काही गोष्ट या फॉर्मात असेल तर ती इथे आहे. ‘मामा तीस वर्षं तंबाखू मळत होते’ हे वाक्य माणसाबद्दलचं आहे. तेवढंच फाडून आकडेवारीकडे जातं, तिथे ते कोणाचंही राहत नाही. नोंदवहीत उरतात आई, बाप किंवा नवरा, आणि पत्ता.

मृत्यूची खबर कोणी द्यायची याची कायद्यातली यादीही बघण्यासारखी आहे. घरात झाला तर कुटुंबप्रमुखाने, तो नसेल तर जवळच्या नातेवाइकाने. दवाखान्यात झाला तर तिथल्या प्रमुख डॉक्टरने. तुरुंगात जेलरने. धर्मशाळा, वसतिगृह, लॉज, बराक, अगदी ताडीच्या दुकानात झाला तर तिथल्या प्रमुखाने. ताडीवाल्यावर कायद्याने जबाबदारी टाकली आहे. मित्राला या सगळ्या यादीत जागा नाही. तो शेजारी बसून ताडी पीत असला तरी.

यात कायद्याला नावं ठेवण्यासारखं फारसं नाही. नोंदणी कशासाठी असते? वारसा, पेन्शन, विमा, सातबारा, मतदार यादी आणि सरकारी आकडेवारी यांसाठी. मैत्रीतून मालमत्तेचा हक्क निर्माण होत नाही म्हणून तिला रकाना नाही. मुद्दा एवढाच, की आपण रात्री जे शोधतो ते आपल्यासाठी लिहिलेलंच नाही. दुसऱ्याच्या नावे आलेलं पत्र वाचावं, तसं आपण ते वाचत असतो.

सापडलं नाही म्हणजे काय

सारामागोंच्या शहरात एकच इमारत आहे. शोधायचं तर आत जायचं, दोरी बांधायची आणि चालायला लागायचं. आपल्याकडे नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. माणूस आयुष्यभर नाशकात राहिला आणि मुंबईच्या दवाखान्यात गेला तर नोंद मुंबईत. पुण्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गावी जाऊन गेला तर नोंद ग्रामपंचायतीत. म्हणजे कलम १७ने दिलेला हक्क वापरायला आधी हे माहीत हवं की तो कुठे गेला. आणि हे माहीत असलेला माणूस बहुधा शोधत नसतो, त्याला सगळं माहीतच असतं.

आमच्या कामात पहिल्या वर्षीच शिकवतात की ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ या दोन वेगळ्या किमती आहेत. ‘फॉल्स’ आणि ‘नल’. पोर्टलवर ‘नोंद आढळली नाही’ असं येतं तेव्हा आपलं मन त्याचा अर्थ ‘जिवंत आहे’ असा लावतं. तो अर्थ त्यात नसतो. नोंद दुसऱ्या गावी असेल, स्पेलिंग वेगळं असेल, जुन्या वह्या स्कॅन झाल्या नसतील, किंवा नोंद झालीच नसेल.

आणि देशाच्या पातळीवरही हा ‘नल’ किती मोठा असू शकतो हे आपल्या पिढीने बघितलंय. नोंदणी यंत्रणेत देशभरात २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२१ साली सुमारे १ कोटी २ लाख. २०२०च्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले फक्त साडेबावीस टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२मध्ये भारतातल्या दोन वर्षांतल्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला. सरकारी कोविड-मृत्यूंचा आकडा त्याच्या सुमारे एक दशांश होता, आणि सरकारने त्या अंदाजाच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. दुसऱ्या लाटेत गुजरातमध्ये ‘दिव्य भास्कर’च्या पत्रकारांनी सरळ मृत्यूचे दाखले मोजले. १ मार्च ते १० मे २०२१ या काळात सुमारे १ लाख २३ हजार दाखले, आदल्या वर्षी याच काळात सुमारे ५८ हजार. मृत्यूच्या नोंदी सार्वजनिक का असाव्यात याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. पण ही मोजणीही ‘किती’चं उत्तर देते. ‘कोण’ हा प्रश्न तिच्या बाहेरच राहतो.

उलटी बाजूही आहे. नोंद सापडली म्हणजे माणूस गेला, असंही नाही. आझमगढच्या लाल बिहारींना सत्तरच्या दशकात महसुली कागदांवर मृत दाखवलं गेलं. कागदावर पुन्हा जिवंत व्हायला १९९४ साल उजाडलं. मधल्या काळात त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं, आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला. २००३ला त्यांना ‘इग नोबेल’ मिळालं आणि २०२१मध्ये सतीश कौशिक यांनी ‘कागज़’ हा सिनेमा केला, पंकज त्रिपाठींना घेऊन. सिनेमा बघताना आपण हसतो. मग २०२५चा ऑगस्ट येतो. बिहारच्या मतदार यादीच्या फेरतपासणीत मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं वगळली जातात, त्यातली सुमारे २२ लाख ‘मृत’ म्हणून. आणि यादीत मृत ठरवलेली दोन माणसं सर्वोच्च न्यायालयात सदेह उभी केली जातात. त्यानंतर न्यायालय सगळी वगळलेली नावं कारणांसकट जाहीर करायला सांगतं.

मतदार यादी ही सामान्य माणसाला फुकट बघता येणारी, त्यातल्या त्यात सोपी मृत्यूनोंद आहे. पुरवणी यादीत वगळलेल्या नावापुढे एक अक्षर असतं. ‘ई’ म्हणजे एक्स्पायर्ड, ‘एस’ म्हणजे शिफ्टेड. गेला आणि गेला. मराठीत दोन्हीला एकच क्रियापद चालतं आणि यादीत मधे फक्त एका अक्षराचा फरक असतो. ते अक्षर कोणी, कोणाला विचारून टाकलं हे वाचणाऱ्याला दिसत नाही.

नाव काय म्हणालात?

मी इंजिनियरिंगला असताना हॉस्टेलच्या मागे एक मामा मेस चालवायचे. चार वर्षं मी त्यांच्याकडे जेवलो. परीक्षेच्या रात्री अकरानंतर दार वाजवलं तरी पोळी-भाजी मिळायची. महिन्याचे पैसे थकले तर वहीत लिहून ठेवायचे आणि विषय काढायचे नाहीत. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर ‘मेस मामा’ असा होता. २०२३मध्ये कधीतरी त्या नंबरच्या डीपीत एक अनोळखी मुलगी बाइकवर बसलेली दिसली. बंद झालेला नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात. निदान ९० दिवस थांबायचं असा नियम आहे. म्हणजे मामांचा नंबर त्याआधी कधीतरी बंद पडला होता. एवढंच कळलं.

कामासाठी त्या शहरात गेलो तेव्हा कलम १७चा भरवसा धरून मी एका नागरी सुविधा केंद्रात गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “तुमचे कोण?” मी म्हटलं, ओळखीचे. “नातं?” नातं नाही. “नाव काय म्हणालात?” इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं. आडनाव माहीत होतं. पहिलं नाव मेसमध्ये कोणी घेतलंच नव्हतं, बोर्डावर देवाचं नाव होतं. बाई वाईट वागल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “अहो, आडनावावर मी काय शोधू? या आडनावाची अर्धी पेठ आहे.”

माहिती शेवटी मिळाली ती हॉस्टेलच्या जुन्या वॉचमनकडून. मामा मेस बंद करून गावी गेले आणि तिथेच वारले. त्याने मामांच्या पुतण्याचा नंबर दिला. पुतण्याने बोलता बोलता दाखल्याचा फोटो पाठवला. त्यावरचं तीन शब्दांचं नाव मी दोनदा वाचलं, आणि ते वाचून मला कोणीच आठवलं नाही. दाखला खरा होता, तारीख खरी होती. फक्त त्या नावाच्या माणसाकडे मी कधी जेवलो नव्हतो.

आपल्या आयुष्यातली किती माणसं अशी आहेत ते फोनच्या यादीत बघा. झेरॉक्स दादा, रूमओनर काकू, पिंट्या मेकॅनिक, क्लासच्या मॅडम. ओळखीचं नाव आणि नोंदीचं नाव यांच्यात आपल्याकडे एवढं अंतर असतं, की ते ओलांडायला तिसरा माणूस लागतोच.

मुलींच्या बाबतीत हे अंतर आणखी मोठं. शाळेतली मैत्रीण लग्नानंतर आडनाव बदलते, मधलं नाव बदलते, काही घरांत अजूनही तांदळात नवं नाव लिहून पहिलंही बदलतात. तिघांतला एकही शब्द जुना राहत नाही. फॉर्ममध्ये ‘वडिलांचं किंवा नवऱ्याचं’ नाव, आणि मैत्रिणीला यातलं दुसरं माहीत नसतं. सारामागोंची अनाम बाई निदान एकाच कार्डावर जन्मते, लग्न करते, घटस्फोट घेते. कार्ड तिच्यामागे चालत जातं. आपल्याकडे बाईच्या प्रत्येक टप्प्यावर नवा कागद सुरू होतो. पुरुषाला शोधणं अवघड आहे. बाईला शोधणं, तिच्या माहेरच्या कोणी सांगितल्याशिवाय, जवळजवळ अशक्य आहे.

समस्त मित्र परिवार

सरकारी कागद सोडून आता वर्तमानपत्राकडे वळू. निधनवार्ता हा मराठीतला सगळ्यात नियमित छापला जाणारा गद्यप्रकार असेल. त्याची शैली ठरलेली आहे. अल्पशा आजाराने किंवा वृद्धापकाळाने. मनमिळाऊ स्वभाव, परिसरात परिचित. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार. मृत्यूचं कारण लपवण्याची जी काळजी १९६९च्या कायद्याने घेतली तीच ‘अल्पशा आजाराने’ घेतो, फक्त जास्त प्रेमळपणे. पण पश्चात कोण, याचं उत्तर इथेही फॉर्मसारखंच आहे. घर संपलं की यादी संपते.

या सगळ्यात मित्राला जागा देणारी एकच मराठी मृत्यूनोंद मला सापडली, आणि ती म्हणजे चौकातला फ्लेक्स. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मधे कट-आउट केलेला फोटो, मागे निळं आकाश, आणि खाली ‘शोकाकुल : समस्त मित्र परिवार’. कधी त्याखाली मित्रांची नावंही असतात, टोपणनावांसकट. सोन्या, बाळा, दादा. मृताचंही हाक मारायचं नाव कंसात असतं. म्हणजे मी खिडकीत जे सांगू शकलो नाही ते सगळं फ्लेक्सवर असतं. आपण फ्लेक्सला नाक मुरडतो, त्याच्या फॉन्टवर, गॉगलवर जोक करतो. सौंदर्याच्या बाजूने ते जोक बरोबरही असतील. पण नोंद म्हणून बघितलं तर नोंदवही आणि वर्तमानपत्र या दोघांनी जे गाळलं ते तो लिहितो. त्याची अडचण वेगळी आहे. तेरावं झालं की तो उतरतो आणि कोणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो. त्याचा संग्रह कोणी करत नाही, तो शोधता येत नाही.

फेसबुकने २०१५मध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय आणली. आपल्यामागे आपलं खातं कोणी सांभाळायचं ते जिवंतपणी नेमून ठेवायचं, आणि तो माणूस फ्रेंड-लिस्टमधला असला की पुरे. एका जाहिरातीच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये मित्राला रकाना आहे, हे गमतीशीर आहे आणि थोडं लाजिरवाणंही. पण खात्यावर ‘रिमेंबरिंग’ लागायचं तर मृत्यूचा पुरावा द्यावा लागतो. निधनवार्ता किंवा दाखला. म्हणजे गाडी फिरून पुन्हा घरच्यांच्या दारात.

दार कोणासाठी उघडं

मग या नोंदी सरसकट उघड्या असाव्यात का? अमेरिकेने तो प्रयोग केला. तिथल्या सोशल सिक्युरिटी खात्याची मृत्यूंची यादी १९८०पासून, माहिती-अधिकाराच्या एका खटल्यानंतर, लोकांना उपलब्ध झाली. वंशावळ शोधणारे, जुने सैनिक-मित्र शोधणारे, सगळे ती वापरायचे. मग मेलेल्या माणसांच्या, विशेषतः मेलेल्या लहान मुलांच्या नंबरांवर लोक करपरतावे लाटू लागले. २०११मध्ये सुमारे ४२ लाख नोंदी सार्वजनिक यादीतून काढल्या गेल्या आणि २०१३च्या कायद्याने मृत्यूनंतरची पहिली तीन वर्षं नोंद सामान्य माणसाला बंद झाली. आजही परवाना असलेल्या विमा कंपन्या आणि बँका ती बघू शकतात. चोरांसाठी बंद केलेलं दार मित्रांसाठीही बंद झालं, बँकांसाठी उघडं राहिलं.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३पासून सुधारित कायदा लागू झाला. जन्म-मृत्यूंचा राष्ट्रीय पातळीवरचा डेटाबेस आता कायद्यात आहे. लोकसंख्या नोंदवही, मतदार यादी, रेशन कार्ड, पासपोर्ट, वाहन परवाना, मालमत्ता नोंदणी सांभाळणाऱ्या खात्यांना तो देता येईल अशी तरतूद आहे. माणूस गेला की त्याची बातमी एका खात्याकडून दुसऱ्याकडे आपोआप जावी, ही कल्पना इंजिनियर म्हणून मला पटते. मेलेल्याच्या नावावर रेशन उचललं जाऊ नये. पण चूक झाली तर तीही तेवढ्याच वेगाने सगळीकडे जाईल, आणि लाल बिहारींना एका तहसीलशी भांडावं लागलं, पुढच्याला सहा खात्यांशी भांडावं लागेल.

आणि तरीही मी सगळं उघडं करा म्हणणार नाही. शोधणारा प्रत्येक जण मित्र नसतो. सोडून आलेल्या बाईचा माग काढणारा नवराही हेच रकाने भरेल. इथे मला सारामागोंशी भांडायचं आहे. सेन्योर जुझेबद्दल आपल्याला माया वाटते कारण तो गरीब, एकटा, घाबरट आहे. पण तो करतो काय? सरकारी माहिती नोकरीच्या जोरावर रात्री बाहेर काढतो, खोट्या पत्राने तिच्या ओळखीच्यांना बोलतं करतो, तिच्या घरात शिरतो. आमच्या ऑफिसात कोणी ग्राहकाचा डेटा असा उघडला तर त्याच दिवशी लॅपटॉप जमा करावा लागेल. त्या बाईला आपण शोधलं जावं असं वाटत होतं का, हा प्रश्न कादंबरी जवळजवळ विचारतच नाही. तिला नावही नाही. पुस्तकाच्या शीर्षकात सगळी नावं आहेत आणि आत नाव आहे ते फक्त शोधणाऱ्या पुरुषाला.

दुसरं भांडण शेवटाबद्दल. निबंधकाला सगळं आधीपासून माहीत असतं. शिक्षा करायच्या ऐवजी तो ठरवतो की यापुढे जिवंत आणि मेलेले एकाच संग्रहात ठेवायचे, आणि त्या बाईचं मृत्यूची तारीख नसलेलं नवं कार्ड करायला सुचवतो. विचार सुंदर आहे. आठवणीत माणसं अशीच असतात, तारखेविना. पण कार्यालयाच्या टोकाला एक समंजस साहेब बसलेला आहे आणि तो नियम बाजूला ठेवेल, ही मला या कादंबरीतली सगळ्यात मोठी परीकथा वाटते. सरकारी नोंदीत तारीख नसणं ही करुणा नसते. ज्यांच्या घरच्यांना २०२१मध्ये दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागले त्यांना विचारा. तारीख असलेला, बरोबर नाव असलेला कागद त्यांना हवा होता.

म्हणून मला मित्राचा रकाना फॉर्म नंबर दोनमध्ये नको आहे. सरकारने माझे मित्र कोण हे विचारू नये. ज्या कामासाठी तो फॉर्म आहे ते त्याने नीट करावं, कलम १७ खिडकीवर खरोखर चालावं, आणि बाईंनी “नातं?” विचारू नये, एवढं पुरे. उरलेलं काम नोंदीचं नाही, माणसांचं आहे. वॉचमन, पुतण्या, फ्लेक्सवरचा सोन्या.

कादंबरीत एक छोटा प्रसंग आहे. सेन्योर जुझे शोधाच्या सुरुवातीलाच त्या बाईच्या जुन्या इमारतीत एका म्हातारीला भेटतो. ती त्याला अगदी साधी गोष्ट सुचवते, टेलिफोन डिरेक्टरीत नाव बघ. तो बघत नाही. स्वतःला कारणं देतो, ते फार सोपं होईल वगैरे. त्याऐवजी शाळा फोडतो, भिजतो, तापाने आजारी पडतो. पुढे तिच्या रिकाम्या घरात तिचा आवाज त्याला ऐकायला मिळतो तो आन्सरिंग मशीनवर.

पहिल्या वाचनात मला तो प्रसंग विनोदी वाटला होता. आता वाटतं की सारामागोंना आपल्या शोधण्याबद्दल सगळ्यात नेमकं जे म्हणायचं होतं ते तिथेच आहे. रेकॉर्ड बघायला हिंमत लागत नाही. ते आपल्याला ओळखत नाही, ‘इतक्या वर्षांनी कशी आठवण झाली?’ असं विचारत नाही. फोन उचलणारा माणूस हे विचारू शकतो. म्हणून आपण रात्री नावापुढे ‘निधन’ लावून बघतो, पण नंबर लावत नाही.

म्हातारीने डिरेक्टरी बघायला सांगितलं, तेव्हा ती बाई जिवंत होती.